निळ्या खडूची रेघ
कोळशाच्या इस्त्रीखाली ओलं कापड चरचरलं की त्या वासासरशी मला हिंगोलीतलं अब्बांचं शिवणकामाचं दुकान आठवतं. पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट असेल. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते, आणि शहरातल्या चित्रकलेच्या कॉलेजचे एक सर गावोगावच्या शाळांतून विद्यार्थी शोधत हिंडत होते. माझी चित्रं पाहून ते अब्बांना पटवायला थेट दुकानात आले. कॉलेजातल्या पोरापोरींनी काढलेली चित्रं ते कापड बेतायच्या टेबलावर एकेक करून मांडू लागले. मी आतल्या पडद्याच्या फटीतून बघत होते. बैल झाले, बाजार झाला, आणि मधूनच एक कागद निसटून वर आला. त्यावर पाठमोरा, पूर्ण उघडा माणूस होता. सरांचा हात तिथंच थिजला. मशीनवरचा कारागीरही थांबला. अब्बांच्या हातात मोठी कात्री होती आणि ते कागदाकडं नुसते बघत होते. आता या कागदाचे तुकडे होणार आणि माझं कॉलेजही इथंच संपणार, एवढंच मला कळत होतं. अब्बांनी कात्री खाली ठेवली, कानामागचा निळा खडू काढला आणि त्या माणसाच्या खांद्यावर एक रेघ ओढली. "सर, हा खांदा बराबर न्हाई. याला कुडता बसनार न्हाई. पोरीला पाठवतो, पन तिला खांदा नीट शिकवा." आज मी स्वतः चित्रकला शिकवते, पण खांदा काढायला घेतला की अजूनही आधी त्याला कुडता बसेल का, ते बघते.