पुडिंग स्पर्धेतला खरवस

हिंदी मुलखातल्या बरखेड्यात आमच्या समोरच्या क्वार्टरमधल्या काकू भांडतानाही समोरच्याला खाऊ घालतात. कॉलनीच्या पुडिंग स्पर्धेत त्यांनी चिकाचा खरवस नेला. परीक्षक बाईंनी तो बाजूला सारला. "ये पुडिंग कैसे? न अंडा, न कस्टर्ड!"

काकूंचा चेहरा पडला, पण त्यांनी बशी पुन्हा पुढे केली. "मीठा है, हिलता है, चम्मच से कटता है. और क्या चाहिए?"

बाईंनी एक वडी खाल्ली, मग दुसरी. बक्षीस मात्र ब्रेड पुडिंगला दिलं.

संध्याकाळी त्याच बाई डबा घेऊन काकूंच्या दारात उभ्या. मी गॅलरीतून बघत होते. "वो आपका पुडिंग बचा है क्या?"

काकूंनी उरलेल्या सगळ्या वड्या डब्यात भरल्या आणि हसून म्हणाल्या, "पुडिंग नहीं जी, खरवस बोलिए."