मामाजींनी काढलेला दाभण

डॉक्टरांनी मशीनचा पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "ताई, कार्डिॲक टॅम्पोनेड आहे." मला काही कळलं नाही. मग त्यांनी मूठ आवळून समजावलं. हृदयाभोवती एक पिशवी असते. तिच्यात रक्त साठलं की हृदयाला फुगायला जागाच उरत नाही. बाहेर थेंबभर रक्त दिसतं आणि आत माणूस संपत असतो.

आमच्याकडेही थेंबभरच दिसलं होतं. अमडापूरला घरी सोयाबीनची पोती शिवणं चाललं होतं. थप्पीवरचं पोतं घसरलं आणि आमचे हे हातातल्या दाभणासकट खाली पडले. दाभण छातीत डावीकडे, पार नेढ्यापर्यंत घुसला.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, काटा काढण्यात गावात एक नंबर. कोणाच्या पायात बाभळीचा काटा मोडला की तो लंगडत आमच्याच ओट्यावर येणार. पोराच्या छातीत लोखंड दिसलं आणि त्यांच्या हातांनी जन्मभर केलं तेच केलं. "निघाला बाप्पा!" म्हणाले आणि वर हळद दाबली. हेही हसले. "कायले पायजे दवाखाना? सुई टोचली समज," म्हणत चहा प्यायले. कप खाली ठेवेस्तोवर ओठ काळे पडले.

चिखलीच्या दवाखान्यातून पुढे पाठवलं, तिथून आणखी पुढे. ह्यांच्या कपाळावरचा घाम मी पुसत होते, तो पुन्हा येत होता. शेवटच्या दवाखान्यात नाडी जेमतेम लागत होती. त्यांना आत नेलं आणि मी त्यांच्या चपला धरून बाकावर बसले. हे परत आले नाहीत.

नंतर डॉक्टर म्हणाले, "घुसलेली वस्तू कधीकधी भोक बुजवून ठेवते. ती तशीच राहू देऊन लवकर आणलं असतं, तर आशा जास्त होती. खात्री मात्र कोणीच देऊ शकत नाही."

म्हणून हात जोडून सांगते. छातीत घुसलेलं काही काढू नका. ते हलणार नाही असं कापडानं आधार देऊन बांधा आणि थेट ऑपरेशन होतं तिथं न्या. रक्त कमी आहे, माणूस बोलतोय, यावर जाऊ नका.

मामाजींना हे मी सांगितलं नाही. "सुनबाई, डाक्टर काय म्हणे व?" त्यांनी विचारलं होतं. "लय खोल गेलता म्हणे," एवढंच मी बोलले. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण त्यांच्याकडे पाहिलं की तो गिळावा लागायचा. त्यांना वाचता येत नाही, म्हणून इथं लिहायचा धीर झाला.

त्यानंतर त्यांनी कोणाचा काटा काढला नाही. "दवाखान्यात जाय बाप्पा," म्हणून आत निघून जायचे.

परवा वावरात माझ्याच टाचेत काटा मोडला. ओट्यावर बसून मी पाय त्यांच्यापुढं केला. आमच्यात सुनेचा पाय सासऱ्याला चुकून लागला तरी ती पाया पडते. ते मागे सरकले.

"माह्यानं नाई होत व."

"तुमच्याबिगर कोन काढन, मामाजी?"

शेवटी त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला. काटा निघाला. तो तळहातावर ठेवून खाली मान घालूनच त्यांनी विचारलं, "तो दाभण राहू द्याले पायजे होता काय?"

मला रडू फुटलं. खोटं बोलवेना, खरंही सांगवेना. मी पाय त्यांच्या मांडीवरून काढून घेतला नाही.