मूर्ती गारू आणि अडलेले बाण

आत्याच्या लॅबमधले किस्से मी कुणाला सांगितले नाहीत, म्हणून ते साठत गेले. शाळा सुटली की आई ऑफिसातून येईपर्यंत मी तिथल्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे. मी बोलत नसे, त्यामुळे माझ्यासमोर सगळे मोकळेपणानं बोलत.

*

आत्याचे चुंबक साधे नव्हते. प्रत्येक अणूवर एक बाण, आणि त्याला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं असतं, असं तिनं मला समजावलं. दोघांचं जमतं. त्रिकोणात तिसऱ्यानं काय करायचं?

तेव्हा इथल्या तेलुगू लोकांचे, तिकडच्या तेलुगूंपासून वेगळ्या राज्यासाठी, रोज मोर्चे निघत. दारावरचे यादगिरी अण्णा नुकतेच मोर्च्यातून आले होते. म्हणाले, "तिसरा मतलब तुम मराठी लोगां."

*

असे अडलेले बाण नीट लागत नाहीत, तरी त्यांच्यात वेगळीच काही शिस्त असते. ती दिसायला स्फटिक भयंकर थंड करावा लागतो. ते फक्त टेक्निशियन मूर्ती गारूंना जमे; गारू म्हणजे तेलुगूतलं 'राव'. गाव गुंटूरकडचं, म्हणजे मोर्चेवाल्यांच्या हिशेबी पलीकडचं; घर तीस वर्षं इथेच, काचीगुड्यात. ते मशीनशी तेलुगूत बोलत. ते ऐकतं का, असं आत्यानं एकदा विचारलं.

"ऐकतं मॅडम. त्याची पीएचडी झालेली नाही."

*

एकदा आलेखावर उंचवटा आला. नवी शिस्त सापडली! आत्यानं बेगम बाजारातून काजू मागवले. खाता खाता मूर्ती गारूंनी झाकण तपासलं. आत हवा शिरली होती, आणि गोठलेला ऑक्सिजन असाच उंचवटा देतो.

"मॅडम, आपण हवेचा शोध लावला," म्हणून त्यांनी उरलेले काजू घेतले.

*

राज्य झालं. मग कर्मचाऱ्यांची वाटणी. मूर्ती गारूंचं नाव पलीकडच्या राज्याच्या यादीत निघालं. यादगिरी अण्णांनी यादी दोनदा वाचली.

"मशीनका नाम किदर है?" त्यांनी आत्याला विचारलं.

*

मूर्ती गारूंना इथल्या नोकरीतून मोकळं करायचा दिवस आला, तेव्हा वर्षभर खपून वाढवलेला स्फटिक चार दिवस थंड होत होता. उंचवटा पुन्हा दिसला होता, आणि या वेळी हवा शिरलेली नव्हती. खात्रीला आणखी दोन दिवस हवे होते. संध्याकाळी पाचला मूर्ती गारूंनी कागदावर सही केली. उद्यापासून ते बाहेरचे.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून मी सकाळीच तिथे होते. मूर्ती गारू डबा घेऊन दारात उभे राहिले. अण्णांनी त्यांच्याकडे न बघता पाहुण्यांचं रजिस्टर उघडलं. नाव लिहिलं. कुठून आले, काचीगुडा.

"किससे मिलना?"

मूर्ती गारूंनी आत बोट दाखवलं. अण्णांनी 'मशीन' लिहिलं.

शेवटचा रकाना जाण्याच्या वेळेचा होता. तिथे अण्णांनी पट्टी लावून आडवी रेघ मारली आणि रजिस्टर मिटलं.