वरची बाजू

फ्रेमवाले तीस वर्षं आमच्या कलादालनात चित्रं टांगत आले. खिळा कधी तिरका गेला नाही. "चित्र कळत नाही, भिंत कळते," असं म्हणून स्वतःच हसायचे.

त्यांची मुलगी झाडांची चित्रं काढायची. त्यात ना खोड, ना पान. नुसते रंगांचे फटकारे. हे टोमणा मारायचे, "बाई, याच्या सावलीत बसायचं कुठे?" तीही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. "आबा, सावलीच हवी तर छत्री घ्या." गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत ती गेली.

मागे एकोणीस चित्रं राहिली. ती असताना त्यांनी तिचं एकही चित्र धड पाहिलं नव्हतं. आता निदान सगळी नीट लागावीत, एवढ्यासाठी त्यांनी प्रदर्शन भरवलं. चित्रांवर ना सही, ना वरच्या बाजूची खूण. अशा वेळी फ्रेमवाल्यांचा ठोकताळा ठरलेला: रंग ओघळतो तो खालीच. ओघळ पाहून त्यांनी हुक मारले.

उद्घाटनाच्या सकाळी मुलीची मैत्रीण आली आणि दारातच थबकली.

"काका, सगळी उलटी लागलीत."

"उलटी कशी? ओघळ बघ ना."

"ती कॅनव्हास उलटा टांगूनच रंगवायची. म्हणायची, झाड वर चढतं, मग रंगानंही चढावं."

फ्रेमवाल्यांनी स्टूल ओढलं. त्यावर चढून एकेक चित्र उतरवलं आणि हुक बदलले. एका चित्रात मात्र ओघळच नव्हता.

"हे तिनं जमिनीवर ठेवून केलं," मैत्रीण म्हणाली. "याचं मलाही नाही सांगता येणार."

ते माझ्याकडे वळले. "साहेब, तुम्ही सांगा."

"मी कॉमर्सवाला, दालनाचे हिशेब बघणारा. मला काय कळणार?"

त्यांनी त्या फ्रेमला चारही बाजूंनी हुक मारले. प्रदर्शन सात दिवस चाललं. रोज दालन उघडण्याआधी ते यायचे, ते चित्र फिरवून पुढच्या हुकावर टांगायचे आणि समोर उभे राहायचे. लोक बाकीच्या चित्रांचं कौतुक करायचे. हे मान डोलवायचे आणि पुन्हा तिथेच.

शेवटच्या दिवशी मी विचारलं, "काही उमगलं?"

"चारही बाजूंनी तिचंच वाटतं, साहेब. एकदा विचारलं असतं, तर..."

चित्रं खाकी कागदात गुंडाळली की वरच्या बाजूला बाण काढायचा, ही त्यांची सवय. अठरा चित्रांवर बाण काढले. एकोणिसाव्यावर पेन्सिल टेकवली, आणि तशीच उचलून कानामागे खोचली.