फासावर कोण गेलं?

बाइंडिंगच्या कारखान्यात तिला सगळे ‘दाभण’ म्हणत. पुस्तकं शिवताना हातात दाभण असायचंच, पण नाव पडलं ते जिभेवरून. एकदा टोचली की माणूस आठवडाभर ती जागा चोळत बसायचा.

जीभ उगाच अशी झाली नव्हती. तिचे आजोबा घोड्यांची खोगिरं शिवायचे. परक्यांचं राज्य असताना नाटकगृहाच्या पायऱ्यांवर एका पोलीस साहेबाचा गळा चिरला गेला, तोही चामडं कापायच्या रापीनं. पकडलेल्या माणसानं कोर्टात शेवटपर्यंत नाव सांगितलं नाही. बिननावाचाच फासावर गेला. प्रेतसुद्धा कुणाला दिलं नाही. पण रापी कुणाची आणि त्या दिवसापासून घरातून नाहीसं कोण झालं, हे कळायला गल्लीला कोर्ट लागत नव्हतं. तिच्या वडिलांचा जन्म ‘खुन्याचं कार्टं’ हे ऐकण्यात गेला. आत्याला कुणी करून घेतलं नाही. ही स्वतः शाळेत मागच्या बाकावर एकटी बसून शिकली.

पुढे राज्य बदललं, वारं फिरलं. साहेब जुलमी ठरला आणि खुनी हुतात्मा. चौकात त्याचा पुतळा उभारायचं ठरलं. पुतळ्याआधी चरित्र हवं, म्हणून एका प्राध्यापकांनी ते लिहिलं, आणि छापलेले कागद बांधायला आले ते नेमके हिच्या टेबलावर.

दुमडता दुमडता तिनं वाचलं. फासावर गेला तो म्हणे मोठ्या घराण्यातला धाकटा मुलगा. तो परदेशी गेला, असं घरच्यांनी तेव्हा उठवून दिलं होतं. रापी त्यानं चोरलेली. आणि खोगीरवाला? ‘तो त्याच सुमारास बायकापोरांना टाकून एखाद्या बाईबरोबर पळून गेला असावा.’

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिव्या पडत होत्या तोवर खुनी आमचा, आणि हार आले तेव्हा तुमचा? आयत्या बिळावर नागोबा!

तिनं आरडाओरडा केला नाही. हा मजकूर असलेली सोळा पानं तिनं प्रत्येक प्रतीत उलटी शिवली, डोकं खाली, पाय वर. प्रकाशनाच्या समारंभात पाहुण्यांनी भर व्यासपीठावर नेमकं तेच पान उघडलं. पुस्तक फिरवावं की मान, हे त्यांना कळेना. सभागृह खो खो हसलं.

मालकांनी तिला दुसऱ्या दिवशी घरचा रस्ता दाखवला. ती पिशवी भरत होती, तेवढ्यात प्राध्यापक तणतणत आले.

“सहा वर्षं घातलीत मी या पुस्तकात, बाई! का केलंत असं?”

“तुम्ही माझ्या आजोबांना उलटं टांगलंत, मी तुमच्या पानांना. फिटंफाट.”

ते चपापले. “खोगीरवाल्याची नात तुम्ही? तुमच्यापैकी कुणी हयात आहे हेच मला माहीत नव्हतं.”

“कसं असणार? तुम्ही मोठ्या घराण्याच्या दिवाणखान्यात बसून शोधत होतात.”

“त्या धाकट्या मुलाच्या पुतण्यानं घरात चालत आलेली हकिकत सांगितली.”

“पुतण्या जन्मला कधी?”

“फाशीनंतर,” ते जरा हळू आवाजात म्हणाले.

“माझी आत्या तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. अजून आहे. चला.”

आत्या नव्वदीची, एका डोळ्याची. दुसरा देवीत गेला असं घरात सांगितलं जायचं आणि दाभणलाही तेवढंच ठाऊक होतं.

प्राध्यापकांनी विचारलं, “आजी, वडील कधी देशाबद्दल बोलायचे?”

आत्या हसली. “देश? त्यांना फक्त घोडा कळायचा. मी साहेबाच्या बंगल्यावर जायची, त्याच्या मुलीला खेळवायला. एकदा तिची बाहुली माझ्या हातून फुटली. साहेबानं चाबूक उचलला. वडिलांनीच शिवून दिलेला चाबूक, बरं का. डोळा तिथंच गेला. वडील रापीला धार लावत बसले. जायच्या दिवशी माझी पट्टी त्यांनी स्वतः बदलली. मग आईनं माझ्या तोंडावर हात दाबला. म्हणाली, डोळ्याचं बोललीस तर सगळ्यांना धरून नेतील. आई गेली, पण तो हात काही निघाला नाही.”

दाभण पिशवी टाकून आत्याच्या पायाशी जाऊन बसली.

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. “नुसत्या आठवणीवर इतिहास उभा राहत नाही,” ते म्हणाले, “पण पुतण्याच्या आठवणीवर मी उभा केलाच की. हे जाहीर केलं तर एक सांगतो, पुतळा होणार नाही. पोरीच्या डोळ्यासाठी केलेल्या खुनाला कुणी चौक देत नाही.”

दाभणच्या धाकट्या भावाला हे कळलं तसा तो धावत आला. “ताई, देशासाठी केलं म्हण ना! एवढं एकच वाक्य. पुतळा आपल्या आजोबांचा होईल.”

“आणि आत्याचा डोळा? तो परत देवीच्या नावावर घालू?”

फासावर कोण गेलं, हा वाद सभागृहात जाहीरपणे झाला. पुतण्या पहिल्या रांगेत बसला होता, सत्तरीचा, टापटिपीचा. आत्याचं बोलणं संपताच तो उठला. “हा पुरावा? म्हातारीची बडबड?”

“तुमच्याकडे काय आहे?” प्राध्यापकांनीच विचारलं. “काकांचं एक पत्र, एक साक्षीदार, काहीतरी?”

पुतण्या छत्रीची मूठ फिरवू लागला. तेव्हा दाभण उभी राहिली. “घ्या हो, खून तुमच्या घराण्यात घ्या! पण कारणासकट घ्या. पुतळ्याखाली लिहा, एका खोगीरवाल्याच्या पोरीचा डोळा फोडला म्हणून मारला. लिहिता?”

पुतण्यानं छत्री उचलली आणि तो मधल्या वाटेनं चालता झाला. त्याची पाठ दारापर्यंत जाताना तिनं डोळे भरून पाहिली. इतकं गोड तिला आजवर काही लागलं नव्हतं.

पुतळा झाला नाही. चौकात कारंजं बसलं. भावानं बोलणं टाकलं. गल्लीत पोरं पुन्हा ‘खुन्याची नात’ म्हणू लागली आणि ती ताठ मानेनं ‘हो’ म्हणू लागली. तिनं घरातच बाइंडिंगचं काम सुरू केलं. आत्या त्या हिवाळ्यात गेली.

वर्षभरानं प्राध्यापक नव्या आवृत्तीचे कागद घेऊन दारात आले. “पळून गेला ते वाक्य काढलंय. दोन्ही बाजू मांडल्यात. पुराव्याचं पारडं तुमच्याकडे झुकतं, असंही लिहिलंय. तुम्हीच बांधा, अशी इच्छा आहे.”

“माझ्या आजीला नवऱ्यानं टाकलेली ठरवलंत, त्याची माफी कुठल्या पानावर आहे?”

“चरित्रात तशी पद्धत नसते हो.”

“मग माझ्याकडेही तुमचं पुस्तक बांधायची पद्धत नाही,” ती म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.