अण्णाच्या तोंडाचा दुसरा माणूस

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. वेलांट्या चुकतील, अक्षर तर वाकडंच. पण थोरल्या भावाबद्दल दुसऱ्याच्या हातून लिहून घ्यावंसं वाटेना.

सेलूहून माझ्याकडे जिंतूरला यायला निघालेला अण्णा देवगाव फाट्यावर एसटीतून उतरला आणि तिथेच कोसळला. खिशात नाव सांगणारं काही नव्हतं. कुणीतरी मोबाईलवर काढलेला फोटो फिरत फिरत त्याच्या मुलापर्यंत, बसूपर्यंत गेला. परभणीच्या दवाखान्यात जमादारानं चादर बाजूला केली आणि मी म्हणाले, "ह्यो अण्णा न्हाई." गाल कानांकडे ओघळलेले, नाक उंच झालेलं, तोंड परक्याचं. बसू रडत म्हणाला, "आत्या, अण्णाच हायत गं." कपड्यांच्या पुडीत गळ्यातलं इष्टलिंगही होतं. पण लिंग आम्हा लिंगायतांत सगळ्यांच्याच गळ्यात असतं.

मला जिंतूरचा बाजार आठवत होता. एका अनोळखी माणसानं अण्णाला "व्याही!" म्हणून मिठी मारली, हॉटेलात नेऊन भजी खाऊ घातली. खाऊन झाल्यावर अण्णा म्हणाला, "मी तुमचा व्याही न्हाई." मी नंतर रागावले, "आधी का न्हाई बोललास?" "भजी लय गरम व्हती की!" ... म्हणजे अण्णाच्या तोंडाचा एक माणूस कुठेतरी होता. तोच इथे निजला असेल. कुणाचा तरी व्याही गेला, माझा अण्णा नाही, असं मी मनात म्हणत होते. देवानं माफ करावं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बसूनं सांगितलेल्या खुणा ताडून म्हणाल्या, "मावशी, असं नाक पुष्कळांचं असतं. असे कानही असतात, भुवईवर असा व्रणही असतो. पण हे सगळं एकाच माणसात, तसा दुसरा सापडणं फार अवघड."

"अवघड म्हंजे न्हाईच, असं न्हाई ना?"

"नाहीच, असं मला म्हणता येणार नाही."

तेवढ्याला धरून मी सेलूला अण्णाच्या घरापर्यंत रडले नाही.

आमच्यात माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. ओसरीत त्याला पाटावर बसवलं, कपाळाला विभूती लावली. बसवल्यावर गाल खाली आले, हनुवटी छातीकडे झुकली, आणि जेवण झाल्यावर डुलकी घेणारा अण्णा समोर बसलेला होता. "अण्णा, ऊठ की," माझ्या तोंडून गेलं, आणि मग मला कुणी आवरू शकलं नाही.

परवा बसू घराला रंग देत होता. अण्णा डोकं टेकायचा तिथे भिंतीवर खोबरेल तेलाचा काळा डाग आहे. "आत्या, ह्यो घासून काढू का?" त्यानं विचारलं. तसले डाग घरोघरी असतात, मला ठाऊक आहे.

"तेवढं सोडून रंगव," मी म्हणाले.