सहमत लिहायचं की असहमत

"सर, सहमत लिखें या असहमत?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

विचार करण्यावरचा इंग्रजी निबंध शिकवून मी फळ्यावर लिहिलं होतं: तुम्हाला हे पटतं का? आमच्या हिंदी मुलखातल्या कॉलेजचा बी.ए.चा वर्ग तो प्रश्न उतरवून घेऊन उत्तराची वाट पाहत बसला.

मी म्हणालो, उत्तर सांगणार नाही.

मागून वैभव, वर्गातला मराठी मुलगा, मराठीत ओरडला, "तुमची नोकरी पक्की आहे, सर! मागच्या साली मी माह्या मनानं लिहिलं, तर नापास झालो. आता बाबा उरला इंडस्ट्रियल एरियातल्या कारखान्यात लावून देऊन राहिले मले."

"मग जा," मी म्हणालो आणि पुस्तक मिटलं.

हे वाचणाऱ्यांपैकी जे शिकवतात त्यांनी सांगा, उत्तर द्यायला हवं होतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी: मी उत्तर सांगितलं. सगळ्यांनी उतरवून घेतलं. वैभव आला नव्हता.